सोजरबाईंच्या जात्याचं कोरं कार्ड

सिस्टर,

आज संग्रहालयाचं कुलूप मी उघडलं. किल्ली अर्धी फिरवायची, दार जरासं वर उचलायचं आणि मग उरलेली अर्धी फिरवायची. तुम्ही शिकवलं होतं तसंच. पाच दिवस दार बंद होतं. आतून जुन्या लाकडाचा, पितळेचा आणि जोंधळ्याच्या पिठाचा वास आला. लाकूड आणि पितळ सोसलं. पिठाच्या वासानं मात्र मी उंबऱ्यावरच बसले.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या आहेत. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं केली, मागं कोण कोण आहे. त्यात चुकीचं काही नाही, पण मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या आणि तुम्ही मला त्यात सापडला नाहीत. तुमच्या लसीच्या डब्याबद्दल तिथं एक अक्षर नव्हतं.

डबा टेबलावरच आहे. निळा, झाकणाला चीर गेलेला, पट्टा तुटल्यावर तुम्ही सुतळी बांधली होती तो. वाशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर तुम्ही तो खांद्याला अडकवून फिरलात, आणि नोकरी संपल्यावर त्यात संग्रहालयाची कार्डं ठेवायला लागलात. "ह्यात ऊन शिरत न्हाय अन् झुरळबी," असं म्हणायचात. मी झाकण काढलं. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, तुमच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. सगळी कार्डं लिहिलेली. फक्त तळाशी असलेलं, पहिल्या नंबरचं कार्ड कोरं. वर एकच शब्द आहे: जातं.

ते कार्ड लिहायचं काम माझं होतं. चार वर्षं ते माझंच काम आहे.

तुमच्याकडं मी पहिल्यांदा आले ती एका सहीसाठी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजनं सांगितलं होतं, सेवेचे तास भरा आणि सही आणा. मैत्रिणी ग्रामपंचायतीत जाऊन सह्या घेऊन आल्या. मला एसटी स्टँडपासून जवळ म्हणून हा जुना दवाखाना बरा वाटला. नवा दवाखाना गावाबाहेर झाल्यावर या तीन खोल्या नुसत्या पडून होत्या, आणि त्या तुम्ही मागून मागून मिळवल्या होत्या. ज्या खोलीत तुम्ही आयुष्यभर सुया टोचल्या, तिथं आता कंदील होते, मापं होती, पाळणे होते.

"तास भरायचेत, मॅडम," मी म्हणाले.

"मॅडम कोण? सिस्टर म्हण. कुठल्या गावची? कुणाची?"

मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलंत.

"म्हंजी तू ती पायाळू व्हय? अगं, तुझ्या आईनं मला दिवसभर बसवलं अन् तू आलीस ती पायानं. तुला पहिल्यांदा पुसून कोरडी केली ती म्या. घे ते फडकं. हा कंदील पूस. मग फिटलं."

मी कंदील पुसला. तास कधी भरले ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. सही तुम्ही केलीत, पण मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले. तुम्ही विचारलं नाही का आलीस म्हणून. नुसतं म्हणालात, "चहात साखर कमी टाक."

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात मी इतिहास घेतला, कारण त्याला फी जास्त नव्हती आणि प्रॅक्टिकल नव्हतं. इतिहास म्हणजे किल्ले आणि तह असं मला वाटायचं. माझ्या आजीची फुंकणी इतिहासात येते, हे तुम्ही मला सांगितलंत. मी ती घरून आणली तेव्हा तुम्ही कार्ड काढलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. "आधी नाव. ज्या बाईनं वापरली तिचं. मग तिनं ह्या वस्तूनं काय केलं. मालकाचं नाव नको, घराण्याचं नको." आजीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा लिहिलं. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव तोवर कुठं लिहिलं गेलं असेल, असं मला वाटत नाही.

या नियमावरून तुम्ही कुणाकुणाला पळवलंत! ते घागरवाले काका आठवतात का? बाजारच्या दिवशी पितळी घागर घेऊन आले आणि म्हणाले, आमच्या आजोबांचं नाव घाला, मोठा माणूस होता.

"आजोबा पाणी भरायचे व्हय ह्या घागरीनं?"

"छे! आजोबा कशाला भरतील? आजी भरायची."

"मग आजीचं नाव सांगा."

काकांनी डोकं खाजवलं. "आम्ही तिला आजीच म्हणायचो, सिस्टर."

"बरं. घागर राहू द्या हितं. नाव विचारून या. घागरीला काय घाई न्हाय."

पुढच्या बाजारला ते नाव घेऊन आले. एका चुलत आत्याला फोन करून मिळवलं होतं. कार्ड लिहून झाल्यावर ते घागरीपुढं उभे राहून ते नाव वाचत होते, आणि तुम्ही मला कोपरानं ढोसून म्हणालात, "बघ, आजी भेटली त्याला."

मी मात्र ग्रॅज्युएट झाले होते, आणि मला ते चढलं होतं. मोठ्या संग्रहालयांची माहिती मोबाईलवर वाचून मी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात पाट्या केल्या, 'वस्तूंना हात लावू नये'. तुम्ही त्या वाचल्या. "जलमभर मी माणसांना हातच लावला, अन् तू म्हणतीस लावू नका?" असं म्हणालात, आणि एका पाटीच्या मागं किराण्याची यादी लिहून मला दुकानात पाठवलंत.

आता ते लिहायला हवं, जे मी चार वर्षं टाळलं.

ते जातं तुमच्या आईचं. येरमाळ्याच्या अलीकडं तुमचं गाव, त्या गावच्या बौद्धवाड्यातलं तुमचं घर. संग्रहालयातली ती पहिली वस्तू. तुम्ही वरचा दगड भिंतीला टेकवून उभा ठेवला होता, म्हणजे दोन्ही दगडांचा आतला, दळायचा भाग दिसावा. तो भाग गुळगुळीत होता, पाण्यातल्या गोट्यासारखा. एका बाजूला जरा जास्तच झिजलेला, कारण तुमची आई नेहमी एकाच बाजूला बसायची. दार उघडलं की तुम्ही पहिल्यांदा त्या दगडावर तळवा ठेवायचात. शाळेची पोरं आली की सांगायचात, "हात लावा. ह्यात माझी आई हाय." मला वाटायचं, ही बोलायची पद्धत आहे.

मोतीबिंदूसाठी तुम्ही पुण्याला तुमच्या लेकाकडं, प्रशांतदादांकडं गेला होता. किल्ली माझ्याकडं होती. त्याच आठवड्यात निरोप आला की धाराशिवहून कुणी मोठे पाहुणे संग्रहालय बघायला येणार आहेत. मला वाटलं, तुम्ही परत याल तेव्हा सगळं लखलखीत दिसलं पाहिजे. मी तीन दिवस घासत होते. चिंचेनं पितळ घासलं, पाळण्यांना तेल लावलं. आणि मग जात्यापाशी आले. मला ते कामातून गेलेलं दिसलं. आमच्या घरी जातं असं गुळगुळीत झालं की पीठ भरड येतं, आणि आई म्हणते, टाकी लावून घ्यायला पाहिजे. छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खरबरीत करून घ्यायचा. मी लहानपणापासून तेच बघितलेलं. आणि नेमकी त्याच सकाळी रस्त्यावरून हाक आली, "जात्याला टाकी लावायचीय काऽऽ, पाट्याला टाकीऽऽ."

मी तिला आत बोलावलं.

त्या बाईनं दगडावर हात फिरवला आणि हात तसाच ठेवून थांबली. "अगं बया. लई दळलंय की कुणीतरी. पार आरसा झालाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता दळायचं हाय व्हय ह्याच्यावर?"

"नाही. ठेवायचंय. बघायला."

"मग टाकी कशाला लावतीस?"

सिस्टर, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तिनं मला विचारलं होतं. जिचं पोट टाकी लावण्यावर आहे त्या बाईनं काम हातात असताना विचारलं होतं, कशाला लावतीस. आणि मी, ग्रॅज्युएट, म्हणाले, "तुम्ही लावा हो. नीट दिसायला पाहिजे."

तिनं खांदे उडवले आणि छिन्नी काढली. तासाभरात काम झालं. खाली पांढरी भुकटी पडली होती. मी ती झाडूनं गोळा केली आणि सुपलीत भरून बाहेर फेकून दिली. तुमची आई मी सुपलीत भरून बाहेर फेकून दिली, सिस्टर.

पाहुणे आलेच नाहीत. त्यांचा दौरा दुसरीकडं गेला.

तुम्ही परत आलात तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. अजून नीट दिसत नव्हतं. मी दारात उभी, शाबासकीची वाट बघत. तुम्ही चाचपडत सवयीनं जात्याशी गेलात, तळवा ठेवलात आणि चटका बसावा तसा मागं घेतलात. मग पुन्हा ठेवलात. हळूहळू सगळ्या दगडावरून फिरवलात, कडेपर्यंत. झिजलेल्या बाजूवरूनही.

"टाकी लावून घेतली, सिस्टर," मी म्हणाले. "अगदी नव्यासारखं झालं ना?"

काळ्या चष्म्यामुळं तुमचे डोळे मला दिसले नाहीत. तुम्ही म्हणालात, "चहा ठेव."

आठ दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. नवव्या दिवशी मला समोर बसवलंत आणि सांगितलंत. कोर्टात जबानी द्यावी तसं, आवाज न चढवता.

"आमच्या गावात गिरणी आली तवा मी लहान व्हते. आई पायली घेऊन गेली. आमचं दळण शेवटाला ठिवायचे. सगळ्यांचं झालं की मग. कधी म्हणायचे, आता इंजिन तापलंय, उद्या ये. एक दिवशी असंच उद्या ये म्हणले. आई घरी आली अन् जात्याला बसली. ती उद्या गेलीच न्हाय. मरंस्तोवर गेली न्हाय. टाकी लावणारी गावात यायची ती दिवसा, अन् आई दिवसा दुसऱ्याच्या रानात. मग दगड गुळगुळीत झाला तरी तसंच दळायची. एक पीठ दोनदा दळायची. लोकं इचारतात, पोरंबी इचारतात, ओव्या म्हणायची का तुमची आई? न्हाय म्हणायची. दम लागायचा तिला."

मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत, पाठीवर हात फिरवला नाहीत.

"तो गुळगुळीतपणा म्हणजे पुरावा व्हता, अश्विने. तिनं कधी कुणाला त्वांडानं सांगितलं न्हाय. दगडानं सांगितलं असतं."

मग तुम्ही डब्यातून कार्ड काढलंत, त्यावर 'जातं' एवढं लिहिलंत आणि माझ्यापुढं सरकवलंत. "लिही. गिरणीचंबी लिही अन् टाकीचंबी. जे झालं ते सगळं."

तिथून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत संपला नाही. गिरणीचं लिहायला मी तयार होते. टाकीचं लिहायला नाही. मी म्हणायचे, सिस्टर, गिरणीचं महत्त्वाचं आहे, माझी चूक कशाला मध्ये? लोक चुकीबद्दलच बोलत राहतील. ऐकायला शहाणपणाचं वाटायचं, पण खरं म्हणजे मला माझं नाव तिथं नको होतं. संग्रहालयात माझं नाव येणार आणि ते असं येणार, हे मला सोसत नव्हतं. आई-वडिलांनी बघितलं तर? गावातलं कुणी वाचलं तर?

"दुसऱ्याचं लिहायचं अन् आपलं झाकायचं?" तुम्ही म्हणायचात. "मग गिरणीवाला अन् तू सारखेच की. एक झाकलं की दुसरं खरं असून खोटं वाटतंय."

"मग तुम्हीच लिहा," मी एकदा चिडून म्हणाले.

"मी न्हाय लिहिणार. मी लिहिलं तर ती तक्रार व्हईल. तू लिहिलंस तर कार्ड व्हईल."

तुम्ही मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. पण महिन्याभरानं एका शनिवारी आले तर भिंतीला टेकवलेला वरचा दगड खाली बसवलेला होता, खुंटा ठोकलेला होता आणि तुम्ही जमिनीवर फतकल मारून बसला होता. समोर सुपात जोंधळे.

"ये. बस पल्याडच्या बाजूला. आता दात आलेत त्याला, तर दळू दे."

पहिलं पीठ कचकच आलं, त्यात दगडाची कच होती. ते आपण टाकून दिलं. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समोरच्या शाळेच्या पोरी डोकावल्या, आणि तुम्ही एकीला खुंट्याला लावलंत. मग रांगच लागली. एकेकीला एक मूठ जोंधळे. पोरंही यायला लागली. "हे बायकांचं काम हाय," असं एक जण म्हणाला, तर तुम्ही त्याला दोन मुठी दळायला लावल्यात. धापा टाकत तो म्हणाला, "गिरणी असताना कशाला दळायचं, सिस्टर?" तुम्ही म्हणालात, "तेच सांगते. बस." आणि गिरणीची गोष्ट सांगितलीत. तो पोरगा दुसऱ्या शनिवारी धाकट्या बहिणीला घेऊन आला.

आता लोक म्हणतात, वाशीचं संग्रहालय म्हणजे शनिवारचं दळण. माझ्या चुकीतून ते उभं राहिलं, असं मी स्वतःला कितीदा समजावलं! पण ते तुम्ही उभं केलंत. मी फक्त चूक केली होती.

दळण झालं, पोरं गेली की तुम्ही वरचा दगड उचलायला लावायचात आणि आत तळवा फिरवायचात. "अजून लई खरबरीत हाय," असं म्हणायचात. इतक्या पोरांनी मूठ मूठ दळून तो पुन्हा गुळगुळीत व्हायला किती वर्षं लागली असती? तुम्हाला ते बघायला मिळणार नाही हे तुम्हाला माहीत होतंच. तरी दर शनिवारी हात फिरवायचात. मी बाजूला उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, आज सांगते. टाकीवालीनं विचारलं होतं हे आज सांगते. तुम्ही म्हणायचात, "भाकरी खाऊन जा," आणि मी भाकरी खाऊन जायचे.

गेल्या शनिवारीही तेच. पोरं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पुढच्या शनिवारचे जोंधळे नीट निवड. आज खडा निघाला." मग डब्यातून कोरं कार्ड वर काढलंत. "लिहिलं का?"

"पुढच्या शनिवारी नक्की, सिस्टर."

"पेनात शाई हाय का बघ आधी," तुम्ही म्हणालात, हसलात आणि कार्ड पुन्हा तळाशी ठेवलंत.

रविवारी सकाळी तुमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. मी चालत आले की धावत आले, मला आठवत नाही. तुम्ही पांढऱ्या साडीत होता, भंतेजी वंदना म्हणत होते, आणि माझं लक्ष सारखं तुमच्या उजव्या हाताकडं होतं. तळवा खाली होता. तो उलटा करून बघावा असं मला फार वाटलं. मी बघितला नाही.

आणि आज दुपारी प्रशांतदादा आले. मी वस्तू पुसत होते. ते सगळीकडं फिरले, कार्डं वाचली, फुंकणीचंही वाचलं. मग जात्यापाशी थांबले.

"आजीचं कार्ड कुठाय?"

मी लसीच्या डब्याकडं बघितलं.

"आई फोनवर सांगायची, आजीचं कार्ड अश्विनी लिहितीय. म्हटलं, चार वर्षं? तर म्हणायची, घाई करू नको, ती नीट लिहितीय."

त्यांनी खाली बसून दगडावर हात फिरवला. तुमच्यासारखाच, कडेपर्यंत. "हे खरबरीत केलं तवा मी लई भांडलो होतो आईशी. महिनाभर बोललो न्हाय."

"काय म्हणाल्या सिस्टर?"

"म्हणली, मीच टाकी लावून घेतली. पोरांना दळता यावं म्हणून. माझी चूक झाली, म्हणली."

सिस्टर, झाकू नये म्हणून माझ्याशी चार वर्षं भांडणाऱ्या तुम्ही. स्वतःच्या लेकाचं बोलणं महिनाभर बंद झालं तरी तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. का? मी स्वतः सांगेन म्हणून? म्हणजे तुम्ही वाट बघत होता? हे तुम्ही बरोबर केलं नाही, सिस्टर. तुमच्या नियमात हे बसत नाही. तुम्ही समोर असता तर मी आज पहिल्यांदा तुमच्याशी जोरात भांडले असते, आणि या वादात मी जिंकले असते. आता भांडू कुणाशी?

मी दादांना सांगितलं. "सिस्टरनी नाही लावली. मी लावली. त्या तेव्हा पुण्यात होत्या, तुमच्याकडं."

"डोळ्याच्या वेळी. व्हय की. तवा ती माझ्याकडं होती. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

मग दुसरंही सांगितलं. टाकीवालीनं काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. ते मोठ्यानं बोलताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

"आईला माहीत होतं हे?"

"नाही."

"का न्हाय सांगितलंस?"

"भ्याले."

दादा उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी मला समजावलं नाही आणि ते बरंच झालं. "मला राग आलाय तुझा," ते म्हणाले. "जाईल का न्हाय, आता सांगता येत न्हाय. पण परवा आईच्या पुण्यानुमोदनाला माणसं येतील, ती इकडंबी येतील. तवर कार्ड हितं पाहिजे."

ते गेल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. ती टाकीवाली दर वर्षी या रस्त्यानं जाते. तुम्ही तिला चहा पाजल्याशिवाय कधी पुढं जाऊ दिलं नाही. गुळगुळीत दगडाची गोष्ट तिनं तुम्हाला सांगितली नसेल का? तुम्हाला सगळं माहीत होतं का, सिस्टर? माहीत असून तुम्ही दर शनिवारी मला "लिहिलं का?" एवढंच विचारत होता का?

हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही.

मी टेबलाशी बसले. तुमचंच पेन घेतलं. त्यात शाई होती. आधी नाव लिहिलं, तुमच्या नियमाप्रमाणं. एकदाच लिहिलं, खाडाखोड केली नाही. शेवटी अक्षर वाकडं झालंय, ते तसंच ठेवलंय.

'जातं. यावर सोजरबाई दळायच्या. गावच्या गिरणीत त्यांचं दळण शेवटी घ्यायचे. एकदा "उद्या ये" म्हणाले, त्या उद्या गेल्या नाहीत. मरेपर्यंत याच जात्यावर दळलं. दळून दळून दगड आरशासारखा झाला होता. तो आरसा या संग्रहालयात काम करणाऱ्या अश्विनीनं टाकी लावून घालवला. टाकी लावणाऱ्या बाईनं "कशाला?" असं विचारलं होतं. अश्विनीनं ऐकलं नाही. सोजरबाईंच्या लेकीनं हे जातं पुन्हा मांडलं. आता इथं दर शनिवारी मुलं दळतात. हात लावून बघा.'

कार्ड जात्याच्या कडेला उभं केलंय. वरचा दगड उचलून मी आत तळवा ठेवला. चार वर्षांत मी कधी ठेवला नव्हता, मला तो हक्क वाटत नव्हता. तुम्ही म्हणायचात तसा अजून लई खरबरीत आहे. फक्त झिजलेल्या बाजूला, कडेला, बोटभर जागा मऊ लागली. ती टाकीतून सुटलेली तुमच्या आईची आहे, की पोरांनी नवी केली आहे, मला ओळखता आलं नाही. तुम्हाला हात लावल्या लावल्या कळलं असतं.

उद्या शनिवार आहे. पोरं येतील आणि पहिल्यांदा विचारतील, सिस्टर कुठायत? त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. जोंधळे मात्र निवडून ठेवलेत, सिस्टर. दोनदा निवडले. एकही खडा नाही.